रेषेबाहेरचे मामासासरे

माझ्या मामासासऱ्यांइतका उतावळा माणूस उभ्या विदर्भात झाला नसेल, असं मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात म्हणालो होतो, आणि ते विधान मागे घेण्याची वेळ त्यांनी माझ्यावर पुढची वीस-बावीस वर्षं येऊ दिली नाही. पाहुणा दाराशी पोचेपर्यंत, दूध वर येईपर्यंत, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत किंवा चेंडू गोलपाशी येईपर्यंत आपल्या जागी थांबणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. कळमेश्वरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी हयातभर स्टोअरकीपरची नोकरी केली आणि त्याच कारखान्याच्या फुटबॉल टीमचे ते गोलकीपर होते. ट्रक गेटमधून आत येण्याआधीच मामा काउंटर ओलांडून त्याच्या समोर उभे राहत, त्यामुळे ड्रायव्हर मंडळी त्यांना फार जपून असत. निवृत्त झाल्यावर स्टोअर सुटलं, पण गोल सुटला नाही. कॉलनीमागच्या मैदानावर ते रोज सकाळी गोलकीपर तयार करतात. नुसते गोलकीपर कोणीही तयार करतो. मामा तयार करतात ते गोल सोडून बाहेर येणारे गोलकीपर.

फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं, तेव्हा मामांनी जे मला जेवणाच्या ताटावर वाटी, चमचा आणि लोणच्याच्या फोडी मांडून समजावलं तेच सांगतो. गोलकीपर दोन खांबांच्या मधे, रेषेवर उभा असतो. बाजूने कोणी चेंडू उंच उडवून गोलसमोर टाकला की तिथे दोन्हीकडच्या खेळाडूंची ही गर्दी उसळते. अशा वेळी गोलकीपरला दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे रेषेवरच उभं राहून, जे होईल ते होईल म्हणून बघत बसणं. यात गोल झाला तरी त्याला कोणी बोल लावत नाही. दुसरी म्हणजे रेष सोडून गर्दीत घुसायचं, उडी मारायची आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून चेंडू काढून छातीशी घ्यायचा. यात चुकला तर मागे गोल सताड उघडा आणि चारचौघांत शोभा. पहिल्या प्रकाराला मामा खेळ म्हणत नाहीत. ‘‘चौकीदारच पाहिजे असन तं खांबाले बांधून ठेवा ना एखादा,’’ असं ते म्हणतात, आणि ताटातली वाटी उचलून थेट चमच्याजवळ नेतात. त्या दिवशी माझं वरण त्यांनी चार वेळा गोलबाहेर काढलं.

त्यांच्या शिकवणीचं सगळं सार एका ओळीत आहे. आधी आवाज, मंग पाय, हात शेवटी. चेंडू आपण घेणार हे एकदा ठरलं की पाऊल उचलण्याआधी ओरडायचं. बाकीच्या गावांत गोलकीपर ‘कीपर’ असं ओरडतात. मामांना ते पटत नाही. तू कीपर आहेस हे तर सगळ्यांना दिसतंच आहे, त्यात सांगण्यासारखं काय, असा त्यांचा सवाल असतो. त्यांच्या मैदानावर ‘माहा’ असं ओरडावं लागतं. माहा म्हणजे माझा. घरी हिंदी बोलणारी कामठीकडची पोरं, तेलुगू बोलणारी रेल्वे क्वार्टर्समधली पोरं, सगळी तिथे येऊन पोटापासून ‘माहा’ म्हणतात. हा आवाज एकदा दिला की आपल्या बाजूच्या सगळ्यांनी चेंडू सोडून द्यायचा, कितीही मोह झाला तरी. आणि ज्याने दिला त्याला माघार नाही. ‘‘आवाज देल्ला का वापस जायची गाडी नाही,’’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की माझी मुलगी लहानपणी शाळेत जाताना रडायला लागली की आम्ही तिला तेच म्हणायचो.

हे सगळं मैदानावर ठेवून मामा घरी आले असते तर मामी सुखी झाल्या असत्या. पण मामा घरीही गोलकीपरच असतात. जावई म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा सीताबर्डीच्या बाजारातून घेतलेला संत्राबर्फीचा डबा पिशवीत होता. मामांचं घर अजून चार घरं पुढे होतं. तेवढ्यात समोरून एक उंच, पांढऱ्या बनियनमधला माणूस गुडघा उचलून धावत आला, त्याने दोन्ही हातांनी माझी पिशवी घेतली, छातीशी दाबली, कोपर माझ्या बरगडीत घातलं आणि पाठ फिरवली. मला आधी ती लूटमारच वाटली. घरी गेल्यावर मामी पाण्याचा पेला पुढे करत शांतपणे म्हणाल्या, ‘‘आमच्या घरी पाव्हणा येत नाही, जवाईबापू. हे पकडून आणते.’’

वस्तू कुठलीही असो, मामा ती दोन्ही हातांनी, छातीशी, कोपरं आवळून घेतात. भाजीची जुडी, लग्नाची पत्रिका, देवळातला प्रसाद, विजेचं बिल. माझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात मी भिंतीला टेकून उभा होतो. नर्स बाळाला घेऊन दारातून बाहेर आली मात्र, कुठूनसे मामा निघाले आणि बाळ त्यांच्या छातीशी. इतकं अलगद आणि इतकं पक्कं, की नर्सने त्यांना कौतुकाने विचारलं, तुम्हाला मुलं किती. त्यांना मूलबाळ नाही. त्यांनी मान हलवली, बाळाकडे बराच वेळ बघितलं आणि मग ते माझ्या हातात दिलं. परतताना जिन्यात ते मला म्हणाले, ‘‘राग नका मानू, जवाईबापू. माणूस चांगले आहे तुम्ही. पण तुम्ही रेषेवरचे आहे.’’ मी हसून सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला त्यात अपमान वाटण्यासारखं काहीच दिसलं नाही. मी वीज कार्यालयात टेबलावर काम करतो. लोक आपल्या तक्रारी घेऊन आपापले माझ्याकडे येतात.

दर दिवाळीच्या आदल्या शनिवारी मामा आपल्या सगळ्या चेल्यांना संध्याकाळी सीताबर्डीवर नेतात. व्हेरायटी चौकातून निघायचं आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं, हातात चेंडू, नजर वर, आणि गर्दीच्या उलट्या दिशेने. थांबायचं नाही, कोणाला ढकलायचं नाही आणि कोणाची माफी मागायची नाही. एकदा मी कपडे घ्यायला तिथे गेलो असताना हा जथा मला प्रत्यक्ष दिसला. पुढे मामा, मागे छातीशी चेंडू धरलेले आठ जण, आणि त्यांच्या मागे एक शर्टवाला, ज्याला हे सगळे काहीतरी उचलून पळतायत असं वाटलं होतं. मामांनी त्याला थांबवून गर्दीत उडी मारण्याचं शास्त्र समजावलं. त्यानेही ते ऐकून घेतलं, कारण तोवर त्यातल्या एका गोलकीपरने त्याच्याकडचा शर्ट विकत घेतला होता. त्या गोलकीपरला मामांनी महिनाभर रेषेवर उभं केलं. त्यांच्याकडे याहून मोठी शिक्षा नाही.

त्यांच्या हातून घडलेला सर्वांत गाजलेला प्रकार मात्र माझ्या मेहुण्याच्या लग्नातला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला आणि नवऱ्याच्या मित्रांनी रीतीप्रमाणे नवऱ्याला खांद्यावर उचललं. नवरी बुटकी, पण जिद्दीची. तिने टाचा उंचावून हार जो फेकला तो नवऱ्याच्या फेट्यावरून निघाला. मामा स्टेजच्या मागच्या बाजूला उरलेल्या अक्षता गोळा करत होते. अख्ख्या मांडवाने ‘माहा’ हा आवाज ऐकला. तो आवाजच असा असतो की ऐकणारा हातातलं सोडून देतो. मित्रांनी नवरा सोडला. भटजींनी पोथी सोडली. मामांनी गुडघा उचलून, दोन्ही हात वर करून तो हार हवेतच घेतला आणि छातीशी धरून ते स्टेजच्या मधोमध उतरले.  तेव्हा बायकांच्या बाजूने मामींचा आवाज आला, ‘‘घालून घ्या आता गळ्यात. दुसरी कोणी देणार नाही तुम्हाले.’’ मामांनी हार नेऊन नवरीच्या हातात दिला आणि तिला सांगितलं की थ्रो चांगला होता, जरा खाली ठेव.

एवढं हे बाहेर येण्याचं वेड कुठून आलं असेल, याविषयी आमच्या नातेवाइकांत एक समज होता. मामा कधीतरी रेषेवर थांबले असतील, त्यांच्यामुळे मोठी मॅच गेली असेल, तो सल असेल, असं सगळे धरून चालले होते. मीही. एकदा मी त्यांना विचारलं. तर उलटंच निघालं. सावनेरकडच्या कोळसा खाणीच्या टीमबरोबर त्यांची अंतिम लढत होती. शेवटच्या क्षणांत चेंडू उंच आला, मामा आवाज देऊन निघाले, उडी मारली आणि चेंडू त्यांच्या बोटांवरून पलीकडे गेला. मागे गोल मोकळा होता. कप गेला. बसमध्ये परतताना कोणी त्यांच्याशी बोललं नाही, आणि कारखान्यात पुढे वर्षभर लोक त्यांना बघून हवेत हात फिरवत असत. हे सगळं मामांनी मला हसत सांगितलं. ‘‘गोल झाला, हे खरं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण मी निघालो होतो.’’  अशी हार छातीवर बिल्ल्यासारखी लावून फिरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता रोज सकाळी येणाऱ्या पेपरविषयी सांगायला हवं. मामांच्या गल्लीत पेपर टाकणारा गृहस्थ पन्नाशीचा आहे. तो सायकलवरून न उतरता पेपरची सुरळी फाटकावरून आत भिरकावतो. मामा पायऱ्या उतरून अंगणात येतात, ‘माहा’ म्हणतात आणि ती हवेत झेलतात. या दोघांत वर्षानुवर्षं न बोलता एक सामना चालू होता. पेपरवाला कधी उंच फेकायचा, कधी गिरकी देऊन, कधी जास्वंदीच्या आडून. मामांनी एकही सोडला नाही. शेजारच्यांनी एकदा या पहाटेच्या आरोळीबद्दल तक्रार केली, तेव्हा मामांनी त्यांना आवाजाचं महत्त्व अर्धा तास समजावलं, आणि त्यानंतर शेजारच्यांनी घड्याळाला गजर लावणं बंद केलं.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे होतो. मी चहाचा कप घेऊन पायरीवर उभा होतो. पेपर आला, मामा निघाले, आवाज दिला, आणि पेपर त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावरून जाऊन मामींच्या कुंडीत पडला. एवढंच असतं तर काही नव्हतं. पण मामा तो दुसऱ्याच बाजूला शोधायला लागले. पायाने जमीन चाचपत होते. मग त्यांना कुंडी लागली. वर येऊन मला म्हणाले, पेपरवाला म्हातारा झाला, आता नीट फेकत नाही. मी हो म्हणालो. पुढच्या काही महिन्यांत असे बरेच पेपर पडले, आणि मग मामांनी अंगणात उतरणंच सोडलं. पेपरात आजकाल राहिलंय काय, असं म्हणायला लागले. मी खरंय म्हणालो. माझं एवढंच बोलणं झालं.

मैदानावर जाणं मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. तिथे तेव्हा त्यांची सगळ्यांत लाडकी चेली प्रणाली होती, अजूनही आहे. वय एकोणीस, वडिलांचं कामठी रोडला पंक्चरचं दुकान, उंची गोलकीपरच्या मानाने कमी. पण तिचा आवाज असा की रस्त्यावरचा ऑटो थांबावा. मामा तिच्याविषयी बोलताना म्हणायचे की या पोट्टीच्या गळ्यात चार इंच जास्तीचे आहेत, ते धरले तर ती पुरेशी उंच आहे. मधे मी मैदानावर गेलो होतो तेव्हा मला जाणवलं की प्रणालीच काय, सगळेच चेले पूर्वीपेक्षा खूप लवकर आणि खूप लांबवून ओरडतायत. चेंडू अजून पायाला लागला नाही तोच ‘माहा’ सुरू होतो आणि झेलेपर्यंत चालतो. मला वाटलं, शिस्त वाढली. मामांच्या चेहऱ्यावरही समाधान दिसत होतं. ते आवाजाच्या दिशेने मान वळवून उभे होते.

आणि मग एक दिवस मामींचा मला फोन आला. ट्रंक साफ करताना मामांच्या जुन्या ग्लोव्हजमध्ये त्यांना घडी केलेला एक कागद सापडला होता. तो डोळ्यांच्या डॉक्टरचा होता. उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू, डाव्या डोळ्यात काचबिंदू, ताबडतोब उपचार सुरू करा, असं त्यावर लिहिलं होतं. तारीख दीड वर्षापूर्वीची होती. म्हणजे तो पेपर कुंडीत पडला त्यानंतर मामा गुपचूप जाऊन डोळे दाखवून आले होते, आणि आल्यावर त्यांनी तो कागद ग्लोव्हजमध्ये घालून ट्रंकेत ठेवून दिला होता. आयुष्यभर रेषेवर न थांबलेला माणूस दीड वर्ष रेषेवर उभा होता. ‘‘तुम्ही सांगा त्यायले,’’ मामी म्हणाल्या. ‘‘माह्यं कोण ऐकते?’’

मी गेलो. मामांनी मला नेहमीसारखंच चार घरं आधी पकडलं, पण या वेळी माझ्या स्कूटरच्या हॉर्नवरून, आणि पिशवी समजून माझी बाही धरली. मी विषय काढला. दिवाळी होऊ द्या, म्हणाले. मग थंडीत बरं पडतं, म्हणाले. मग पोरांच्या जिल्ह्याच्या चाचण्या आहेत, म्हणाले. मी चहा पीत राहिलो, तेव्हा त्यांनीच खरं कारण सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी माणूस जागा असतो असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ‘‘डोळ्यावर काहीतरी येऊन राहिलं आहे,’’ ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘अन् आपण हालाचं नाही. तसंच पडून राहाचं. मले नाही जमत ते, जवाईबापू. मी निघून जाईन.’’ मला त्यांचं म्हणणं पूर्ण कळलं. येणाऱ्या वस्तूकडे जायचं, एवढंच एक ते आयुष्यभर शिकले होते. मी म्हणालो, बघू. आणि निघून आलो. डोळा त्यांचा, भीती त्यांची, मी मधे कोण, अशी मी स्कूटरवर स्वतःची समजूत घातली.

घरी हिने मला या ‘बघू’बद्दल जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा, या वेळी मैदानावर गेलो. मामा जाड भिंगांचा चष्मा लावून, काठी टेकून गोलसमोर उभे होते. प्रणाली पाणी प्यायला कडेला आली तेव्हा माझ्याजवळ थांबली. मामाजींना चेंडू दिसत नाही हे मला माहीत आहे का, असं तिने सरळ विचारलं.  मग ती म्हणाली की आम्हाला सहा महिन्यांपासून माहीत आहे. आम्ही ओरडतो ते त्यांना चेंडू कुठे आहे ते समजावं म्हणून. मला जी शिस्त वाटली होती ती ही होती.

ती परत जाऊन गोलमध्ये उभी राहिली. बाजूने चेंडू उंच आला. प्रणाली निघायला जरा कचरली असावी, कारण मामांनी काठी टाकली, ‘‘अशी नाही, हे पाह्य,’’ म्हणाले आणि ‘माहा’ अशी आरोळी देऊन स्वतःच धावले. प्रणाली चेंडूच्या खालीच होती. तिला फक्त हात वर करायचे होते. पण आवाज दिला गेला होता. तिने हात खाली घेतले आणि ती बाजूला झाली. चेंडू मामांच्या थेट चेहऱ्यावर आला आणि तिथून गोलमध्ये गेला.

आम्ही सगळे धावलो. चष्मा फुटला होता, भुवईतून रक्त येत होतं. मामा मातीत बसले होते आणि गोल झाला का, असं विचारत होते.  प्रणाली त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

‘‘तुम्ही आवाज देल्ला, मामाजी, म्हून मी सोडला,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्हाले दिसत नाही, हे मले मालूम होतं. तरी सोडला.’’

मामांनी रक्त पुसायलाही हात वर केला नाही.  मग म्हणाले, ‘‘बरोबर केलं तू, पोरी. चूक माही आहे. जो बॉल दिसत नाही त्याले ‘माहा’ म्हणू नये.’’ आणि मान माझ्या दिशेने, पण माझ्यापासून हातभर डावीकडे वळवून त्यांनी विचारलं, जवाईबापू, स्कूटर आणली आहे का.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी, मामी, ही, आणि प्रणालीसकट सात गोलकीपर होतो. मामांना आत नेऊन दहाएक मिनिटं झाली असतील तोच बंद दारातून ‘माहा’ ऐकू आलं. व्हरांड्यातल्या बाकांवर डोळ्यांना पट्ट्या बांधून बसलेली माणसं दचकून उठली. सातही गोलकीपर उभे राहिले. मामींनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, ‘‘हां, आता होईन.’’ नंतर डॉक्टरांनी सांगितलं की अजून शस्त्राला हातसुद्धा लावला नव्हता, फक्त वरचा दिवा डोळ्यावर आणला होता. हलायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून पाय आणि हात जागच्या जागी ठेवून मामांनी नुसता आवाज दिला होता. पुढे मात्र ते हलले नाहीत. इतका शहाणा पेशंट बघितला नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग मला बाजूला घेऊन त्यांनी हेही सांगितलं, की उजवा डोळा छान होईल, पण डाव्यातली गेलेली नजर परत येत नसते. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हाच आणलं असतं तर त्यातली बरीच वाचली असती.

मामा आता पुन्हा मैदानावर जातात. प्रणाली ओरडते ती आता नियमाप्रमाणे, एकदाच. आणि मामा पेपरसाठी अंगणातही उतरतात. पेपरवाल्याला कुठूनसं कळलं असावं, कारण तो मधे काही दिवस सुरळी मुद्दाम उजवीकडून, अगदी हळू, हातात देतात तशी टाकायला लागला होता. मामांनी त्याला फाटकापाशी थांबवून पहिल्यासारखं फेकायला सांगितलं. तेव्हापासून तो पहिल्यासारखं फेकतो, आणि चारांत एक पेपर खाली पडतो.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे होतो. त्याच पायरीवर, चहाचा कप घेऊन. मामा अंगणाच्या मधोमध उभे होते. सायकल आली, सुरळी फाटकावरून उडाली, उंच गेली, आणि मला दिसलं की ती डावीकडून येतेय आणि मामा उजवीकडे बघतायत. पुढे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. कप कुठे ठेवला ते आठवत नाही. एक आवाज आला, चिरका आणि बेसूर, आणि तो माझा होता. मी तीन पायऱ्या एकदम उतरलो, मामांना ओलांडलं, उडी म्हणता येईल असं काहीतरी केलं. पेपर माझ्या बोटांना लागला, वर उसळला आणि नळाखालच्या भरलेल्या बादलीत पडला. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी हसलं.

मामा वळले. कोण निघालं होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मी. पडला का, म्हणाले. मी म्हणालो, बादलीत. त्यांनी मान डोलावली आणि माझ्या खांद्यावरची धूळ झटकली.

आम्ही पेपर सुटा करून एकेक पान दोरीवर वाळत घालायला लागलो. मी पान धरायचं, त्यांनी चिमटा लावायचा. दोन पानं झाल्यावर मी म्हणालो, ‘‘मामा, तो पहिला पेपर कुंडीत पडला ना, तेव्हा मी पाहिलं होतं. तुम्ही भलतीकडे शोधत होता तेही पाहिलं होतं.’’

मामा चिमटा लावत होते. तो नीट लागेपर्यंत ते थांबले.

‘‘मालूम आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पायरीवर होते तुम्ही. तवा तेवढं दिसत होतं मले.’’

 मी बादलीतून आणखी एक पान काढलं आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, ओलं होतं तरी छातीशी धरलं, आणि मग दोरीवर टाकलं.